अकरा एक

३ जानेवारी १९४६, सातारा

पुन्हा चुकलो! सकाळी एक भागाकार केला, बाकी आली. दुपारी तोच पुन्हा केला – बाकी निराळीच. संख्या तीच, भाजक तोच, करणारा मीच. मग उत्तरं दोन कशी?

सौ. म्हणते, घासलेट मिळत नाही, कंदील नीट जळत नाही, त्याचा दोष. पण भरदुपारी ओसरीवर बसलो होतो. तिथं कंदिलाचा काय संबंध?

संख्या माझी जुनीच. अकरा वेळा एक. ११,११,११,११,१११. म्हणजे अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. हिला एखादा भाजक आहे, की ही मूळ संख्या आहे – एवढंच पाहायचंय. कॉलेजात होतो तेव्हापासून डोक्यात आहे. मध्ये शाळा, मुलं, पेपर तपासणं – सुटली. पुन्हा धरली. पुन्हा सुटली. पेन्शन झाल्यावर मात्र रोज बसतो.

दोन एक ही मूळच; बाकीच्या सगळ्या बहिणी फुटल्या. तीन एक – तीन गुणिले सदतीस. चार एक – अकरा गुणिले एकशेएक. पाच एक – एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सहा, आठ, नऊ, दहा एकांचा तर काही त्रासच नाही. सात एक जरा चिवट होते, पण तेही फुटले – २३९ आणि ४६४९. ते अण्णाने फोडले, माझी मुंज व्हायच्या सुमारास. अकरा तशीच उभी आहे.

५ जानेवारी

वाटेल त्या संख्येने भाग देऊन पाहायची गरज नाही, हे बरं. पाच एकांचे दोन्ही भाजक घ्या, दहाने भागा – बाकी एक. सात एकांचे घ्या, चौदाने भागा – बाकी एक. दुप्पट केलं की झालं. मग अकरा एकांचा भाजक बावीसने भागल्यावर बाकी एकच देणार. तेवीस, सदुसष्ट, एकोणनव्वद, एकशे नव्याण्णव... अशाच मूळ संख्या तपासायच्या. बाकीच्यांना दारातूनच नमस्कार.

तरी एक लाख पाच हजारांपर्यंत जावं लागणार. एकवीस हजारांच्या पुढे आलोय. कुणीच आत शिरत नाही.

११ जानेवारी

आज बाजारात जे झालं ते लिहायला हात होत नाही. पण इथे नाही लिहायचं तर कुठे!

मोती चौकात आमचे जुने हेडमास्तर समोरून आले. मी हात जोडले. 'सर, प्रकृती कशी आहे?' विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. जवळ गेलो तर कुणी परकाच गृहस्थ! तो म्हणाला, 'कुणाला शोधताय, आजोबा?'

आजोबा.

हेडमास्तरांना जाऊन दोन वर्षं झाली. मी त्यांच्या अंत्ययात्रेला गेलो होतो. घरी येईपर्यंत हेच डोक्यात – मेलेल्या माणसाला मी प्रकृती विचारली.

परवा ताक पेल्यात ओतलं ते पेल्याबाहेर. सौ.नं पुसलं आणि पेला पुन्हा भरून माझ्या हातात दिला. तेच जास्त लागलं.

अण्णाचंही असंच सुरू झालं होतं.

१२ जानेवारी

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ नारायण. सांगलीला असतो, मुलाकडे. संस्थानच्या मोजणी खात्यात जन्म गेला. साखळी टाकून शेतं मोजायची, नकाशे काढायचे. मला गणिताचं वेड त्यानंच लावलं. आता दोन वर्षं झाली – माणसं ओळखत नाही, बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून बसतो. घरातलेच रस्ते चुकतो. पुतण्या मधु म्हणतो, बाबांचं डोकं गेलं.

मी त्याला बघायला जात नाही. कामाची सबब सांगतो. खरं कारण हे, की त्याच्याकडे बघितलं की पुढचा मी दिसतो.

१९ जानेवारी

भागाकार चालू. ताळा बघणं सोडून दिलं. नवाचा ताळा म्हणजे क्षणाचं काम – आकड्यांची बेरीज करायची, नऊ टाकायचे, जुळतं का पाहायचं. आयुष्यभर पोरांना सांगितलं, ताळा पाहिल्याशिवाय पाटी खाली ठेवायची नाही. आणि आता मीच बघत नाही! कारण जुळला नाही तर?

२ फेब्रुवारी

मधु आला होता. हळदीच्या व्यापाराचं काही काम वाईला होतं, जाताना उतरला. अण्णाचं विचारलं.

'तसंच, काका. हल्ली कुणी बोलावलं तर वळूनही बघत नाहीत. पद्मा भरवते तेव्हा जेवतात. नाहीतर ताट तसंच.'

पद्मा म्हणजे त्याची बायको. गुणाची आहे.

'तुम्ही एकदा येऊन जा ना,' म्हणाला. 'तुमच्याशी बोलले तर बोलतील.'

मी 'बघू' म्हटलं. तो गेल्यावर सौ. म्हणाली, 'बघू काय? सख्खा भाऊ आहे.' तिला काय सांगू!

९ फेब्रुवारी

देवा! देवा! आज आनंदाने लिहितोय.

सकाळी हट्टाने बसलो. ठरवलं होतं, एकच भागाकार तीन वेळा करायचा. तिन्ही उत्तरं जुळली तर डोकं ठिकाणावर. नाही जुळली तर सौ.ला सगळं सांगून टाकायचं आणि मोकळं व्हायचं.

तिन्ही निराळी आली.

कागद पुढ्यात घेऊन बसून राहिलो. रडलो थोडा, खोटं कशाला. मग सवयीने – दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून – कुठे कुठे चुकलो त्याच्या वजाबाक्या केल्या. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेत पहिला फरक पडला तिथे आठशेचा. दुसऱ्या आणि तिसऱ्यात – ऐंशीचा. म्हटलं, गंमत आहे. मागची पानं काढली. ज्या ज्या ठिकाणी दोनदा करून दोन उत्तरं आली होती, ती सगळी. आठ! ऐंशी! आठ हजार! आठशे! प्रत्येक वेळी आठ आणि पुढे शून्यं. सात नाही, तीन नाही. हातचा विसरला तर एकाचा फरक पडतो. तसा एकही नाही. पाढा चुकला तर वाटेल तो फरक पडतो. तसाही नाही.

बिघडलेलं डोकं इतक्या नियमाने चुकत नाही!

आठ कशातून येतात? नवातून एक गेला की. म्हणजे कुठेतरी एकाचा नऊ होतोय, नाहीतर नवाचा एक. १ आणि ९. लिहून पाहिले शेजारी शेजारी. मला दोन्ही सारखेच दिसले.

सौ.ला हाक मारली. ती पीठ मळत होती, तशाच हातांनी आली.

'हा आकडा कोणता?'

'एक.'

'आणि हा?'

'एकच.'

'आणि हा?'

'हा नऊ. अहो, काय चाललंय?'

'मला तिन्ही नऊ दिसतात.'

ती जवळ आली. मग पिठाचा हात पुसून माझी हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, असं तिनं कधी केलं नव्हतं.

'डोळ्यात पांढरं आलंय हो तुमच्या. बाहुलीतच! किती दिवस दिसत नाहीये?'

'मला वाटलं डोकं गेलं.'

'डोकं?' म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. 'मला वाटलं माझ्यावर रागावलाय. समोरून गेले तरी बघत नव्हता!'

डोळे! नुसते डोळे! आणि वेड्याने संख्या निवडली ती सगळी एकांनी भरलेली.

१० फेब्रुवारी

गाढ झोपलो. कित्येक महिन्यांनी.

१९ फेब्रुवारी, मिरज

काल मोटारीने सातारा रोड, तिथून रेल्वेने मिरज. सौ. बरोबर आहे. दवाखान्यात खूप गर्दी. कोकणातून, विजापुराकडून, कुठून कुठून माणसं आलेली.

डॉक्टरांनी दिवा धरून पाहिलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. उजवा पिकलाय, तो आता काढू. डावा पुढे.

मी विचारलं, 'दिसेल ना?'

'दिसेल. चष्मा लागेल, जाड. पण पट्टी असेपर्यंत उताणं पडून राहायचं. हलायचं नाही, खोकायचं नाही. डोक्याशी वाळूच्या पिशव्या ठेवू.'

'आणि दुसरं काही? म्हणजे... डोकं?'

त्यांना कळलंच नाही मी काय विचारतोय. म्हणाले, 'डोकं दुखतं का?'

उद्या ऑपरेशन. भीती वाटत नाही. खरंच नाही. ज्याची भीती होती ते नव्हतंच.

५ एप्रिल, मिरज

चष्मा मिळाला! दीड महिन्यानं रोजनिशी उघडतोय. मागची पानं वाचली. अक्षर बघून हसू आलं, ओळी उतारावरच्या बैलगाडीसारख्या. सौ.चा चेहरा पाहिला. तिचे केस इतके पांढरे कधी झाले? तिला म्हटलं तर म्हणाली, 'तुम्ही बघत नव्हता तेव्हा.'

आता पट्टीतल्या दिवसांविषयी, विसरायच्या आत.

माझ्या शेजारच्या खाटेवर लालासाहेब म्हणून एक शेतकरी होते. वाळव्याकडचे. उसाचं रान आहे, मुलगा पलटणीत. त्यांचे दोन्ही डोळे बांधलेले, माझाही दुसरा डोळा हलू नये म्हणून दोन्ही बांधलेले. दोघं उताणे. शेजारी असून एकमेकांना पाहिलंच नाही. नुसते आवाज.

'मास्तर, जागं हाय का?'

'आहे.'

'काय करतायसा?'

'भागाकार.'

'आँ? डोळं बांदल्यावर?'

'डोक्यात करतोय.'

'आवं, डाक्टरनं हलायचं न्हाई म्हनून सांगितलंय!'

'भागाकाराला मान हलवावी लागत नाही.'

'आसं व्हय. मंग करा. पर आमाला बी सांगा, कुठवर आलं त्ये.'

मग मी त्यांना अकरा एकांची हकिगत सांगितली. त्यांनी मन लावून ऐकली. शेवटी म्हणाले, 'म्हंजी रानात बांदच न्हाई आसं म्हना की. वाटनी हुतीय का न्हाई, त्येच बगायचं.' मला ते फार आवडलं. रोज सकाळी विचारायचे, 'बांद सापडला का वो?'

एकदा विषय निघाला, दवाखान्यात कोण घेऊन आलं याचा.

'घरात समदी म्हनायची, म्हातारं चळलं,' लालासाहेब म्हणाले. 'सून म्होरं हुबी ऱ्हायली तरी मी मनुबाई म्हनून हाक मारायचा. मनुबाई माजी भन. ती तर कवाच गेली. येकदा वासराला दावं बांदायला गेलो आन् बांदलं खांबाला. हसली की समदी. मंग मी बोलायचंच टाकलं बगा. बोललं की हसत्यात. गप बसलं की म्हनत्यात, चळलं. आवं, दिसतच न्हाई तर वळखू कसं?'

'मग?'

'ल्योक आला रजेवर. त्यानं डोळ्याम्होरं हात नाचिवला. म्हनला, बा, किती बोटं हायत? मी म्हनलो, कुटली बोटं?'

ते हसले. हलायला बंदी, म्हणून दात आवळून हसले. मला हसू आलं नाही. हेडमास्तर आठवले – माझे, मोती चौकातले. आणि लगेच अण्णा. माणसं ओळखत नाही. घरातलेच रस्ते चुकतो. ताट तसंच राहतं. बोलत नाही.

अण्णाच्या डोळ्यांपुढे कुणी बोटं धरली होती का?

हे मनात आलं आणि उठून बसावंसं वाटलं. वाळूच्या पिशव्यांमुळे राहिलो.

लालासाहेब परवा गेले घरी. जाताना माझ्या खाटेपाशी आले, मला निरखून बघितलं. म्हणाले, 'मला वाटलं हुतं तुमी लय उंच असशिला.'

उद्या सांगली.

६ एप्रिल, सांगली

टांगा केला. सौ. वाटभर म्हणत होती, फार आशा धरू नका. मधुचं घर गावभागात. दारात पोचलो तर सगळीकडे हळदीचा वास, पोती उतरत होती.

पद्मा पाया पडली. 'मामंजी आतल्या खोलीत आहेत. खिडकी उघडली की त्यांना त्रास होतो, म्हणून लावून घेतलीय.'

अण्णा खरंच भिंतीकडे तोंड करून बसला होता. वाळलाय. दाढी वाढलेली. माझी पावलं ऐकून मान जराशी वळली, मग परत भिंतीकडे.

'अण्णा, मी चिंतू.'

काही नाही.

'साताऱ्याहून आलो. दिसत नव्हतं, डोळ्याचं ऑपरेशन झालं माझं.'

काही नाही. मधु दारात उभा होता. त्याने मान हलवली – बघा, मी सांगितलं नव्हतं?

काय करावं सुचेना. शेजारी सतरंजीवर बसलो.  मग माझ्या तोंडून आपोआप गेलं, 'अण्णा, सात एक?'

मला वाटलं ऐकलंच नाही. इतक्यात घसा खाकरल्याचा आवाज आला.

'दोनशे एकोणचाळीस.'

मधु दारातून पुढे आला.

'गुणिले,' अण्णा म्हणाला, 'चार हजार सहाशे एकोणपन्नास. हे काय विचारणं झालं?'

 अण्णानेच हात पुढे केला, चाचपला, माझं मनगट सापडलं ते धरलं.

'आवाज बसलाय तुझा,' म्हणाला. 'कुठवर आलास?'

त्याने 'कुठवर' म्हटलं आणि मला कळलं तो कशाविषयी विचारतोय. 'बावीस हजारांच्या पुढे. कुणीच जात नाही, अण्णा.'

'पुढं कशाला पळतोस? दिसत नव्हतं म्हणतोस ना? मग मागचं तपास.'

पद्मा रडत होती. मधु म्हणाला, 'बाबा, तुम्ही बोलत का नव्हता?'

अण्णाने आवाजाच्या दिशेने तोंड केलं. 'काय बोलायचं? तुझ्या मित्राला तू समजून पैसे मागितले, तेव्हा सगळे हसलात. नंतर म्हटलं, नकोच. दिसेना की उत्तरं चुकतात.'

मी त्याच्या डोळ्यांपुढे बोटं धरली. 'किती?'

'कसले किती?' अण्णा म्हणाला.

८ एप्रिल, मिरज

आज अण्णाला दाखवलं. उजव्या डोळ्यात काचबिंदू झाला होता, तो डोळा गेला. तिथे काही करता येणार नाही. डाव्यात मोतीबिंदू आहे, अजून पुरता पिकलेला नाही. जूनअखेर काढू म्हणाले.

मधु डॉक्टरांपुढे खाली बघत उभा होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. कुणालाच कळलं नव्हतं, त्यात तो एकटा कसा?

अण्णा मात्र खुशीत! एक डोळा उरलाय म्हटल्यावर म्हणाला, 'नकाशे एकाच डोळ्याने काढायचे असतात.'

१७ एप्रिल, सातारा

घरी. अण्णा म्हणाला तसं मागचं तपासतोय. नवीन भाजकांना हात नाही. मागून पुढे येण्याऐवजी पुढून मागे चाललोय. प्रत्येक पानावर ताळा. आता ताळ्याची भीती नाही, उलट मजा वाटते – इथे चुकलो, इथे चुकलो, इथे बरोबर! बऱ्याच ठिकाणी बाकी चुकलेली, पण दुरुस्त केल्यावरही बाकी राहतेच.

२० एप्रिल

सापडला!!

२१ एप्रिल

काल एवढंच लिहिता आलं.

भाजक एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. २१६४९. जानेवारीतलं पान. बाकी आठ लिहिलेली. आठ! ती नुसती बाकी बघूनच पान उजेडाकडे वळवलं. आठ म्हणजे माझे जुने ओळखीचे आठ. ताळा लावला – जुळेना. मग शेवटची पायरी बघितली. शेवटी राहिले होते १९४८४, त्यावर खाली उतरवलेला शेवटचा एक. मी तो नऊ वाचला होता! अकरा एकांच्या संख्येत खाली एकाशिवाय दुसरं उतरणारच काय? पण मी तेव्हा डोळ्याचं ऐकलं.

१९४८४१. आणि नऊ वेळा २१६४९ – १९४८४१. तेच!

वजा केलं. शून्य.

कागद हातात धरून बसलो. सौ. आली. 'काय झालं?'

'काही उरलं नाही,' मी म्हटलं.

ती बिचारी घाबरलीच! 'काय उरलं नाही?'

'बाकी! बाकी उरली नाही! फुटली ती!'

मग पुन्हा सगळं. तिला बसवलं आकडे वाचायला, मी उलटा गुणाकार मांडला. २१६४९ गुणिले ५१३२३९. ती एकेक आकडा ठासून वाचत होती, पोरांना बाराखडी म्हणून दाखवतात तशी. बेरीज केली तर उजवीकडून एक, एक, एक, एक... दहावा एक आल्यावर तीही वाचायचं सोडून माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. अकरावा आला तेव्हा तिनंच म्हटलं, 'संपले की!'

पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस – हीसुद्धा फुटते का ते पाहिलं. सातशेच्या आतल्या मोजक्या भाजकांचंच काम. कुणीच जात नाही. म्हणजे दोन्ही मूळ. दोनच भावंडं, तिसरं कुणी नाही.

रेशनच्या साखरेतली चिमूटभर तिनं माझ्या हातावर ठेवली. आणि एक चिमूट स्वतःच्या. पस्तीस वर्षं ही संख्या तिच्या संसारात उपरी राहत होती, तिलाही सुटल्यासारखं वाटलं असेल.

मला काय वाटलं? जिंकल्याचं नाही. डोक्यावरची मोळी खाली ठेवल्यावर मान कशी हलकी होते, तसं.

अण्णाला पत्र टाकणार नाही. पत्र दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवावं लागेल. त्याला डोळा मिळू दे. त्यानं स्वतः वाचलं पाहिजे.

२९ जून, मिरज

अण्णाचं ऑपरेशन नीट झालं. वाळूच्या पिशव्या त्याच्याही डोक्याशी. मी शेजारी बसून आहे, त्याला सांगायची इच्छा जिभेवर येते, गिळतो. तो विचारतो, 'मागचं तपासलंस का?' मी म्हणतो, 'चाललंय.'

खोटं बोलणं किती सुखाचं असतं कधी कधी!

११ ऑगस्ट, सांगली

अण्णाला चष्मा मिळाल्याचं मधुने कळवलं, म्हणून आम्ही दोघं आलो. खिडकी उघडी होती. अण्णा वर्तमानपत्र नाकाशी धरून मोठ्याने वाचत होता, जाहिरातींसकट. दाढी केलेली.

पद्मा चहा घेऊन आली. अण्णाने तिच्याकडे बघितलं, चष्मा सारखा केला, पुन्हा बघितलं. ती लग्न होऊन आली तेव्हापासूनच त्याला धूसर दिसत होतं, त्याने तिचा चेहरा नीट असा पाहिलाच नव्हता.

'एवढीशी आहेस होय तू?' म्हणाला. 'मला वाटायचं, कुणी चाळिशीची बाई आहे. हुकूम केवढे सोडायचीस! उठा, जेवा, तोंड उघडा!'

ती लाजून आत पळाली. सगळे हसलो, अण्णाही. कुणी त्याला हसत नव्हतं.

उद्या सकाळी त्याला अकरा एक दाखवीन.

१२ ऑगस्ट

दाखवलं. पाटीवर मोठ्या आकड्यांत सगळा गुणाकार मांडून दिला. अण्णाने एकेका ओळीवर बोट ठेवून तपासला. शेवटी खालचे एक मोजले. 'बरोबर,' म्हणाला आणि पाटी परत दिली. बस्स, एवढंच.

मला राहवेना. 'आनंद नाही झाला तुला?'

'झाला होता की,' अण्णा म्हणाला. 'पंचवीस साली. तासगावकडे मोजणीला गेलो होतो, तिथे सापडले हे दोघं.'

मी पाटी खाली ठेवली. 'एकवीस वर्षं! मग मला सांगितलं का नाहीस?'

त्याने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला.

'तू करत होतास ना.'